‘रॉक अँड रोल’ घराघरांत नेणारा आरजे, ज्याचं करिअर एका पाकिटानं संपवलं

तारीख २१ मार्च १९५२. वार शुक्रवार. ठिकाण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड शहर.

शहरातल्या क्लीव्हलँड अरीना या स्टेडियमबाहेर संध्याकाळपासून पोरांची गर्दी व्हायला लागली होती. आत जागा होती साधारण १० हजार लोकांची. बाहेर जमले होते त्याच्या दुप्पट. तिकिटांच्या छपाईत घोळ झाला होता आणि बनावट तिकिटंही बाजारात फिरत होती. आत पहिल्या बँडनं वाजवायला सुरुवात केली आणि बाहेरच्यांचा धीर सुटला. दारं तुटली, लोंढा आत घुसला. अग्निशमन दल आणि पोलिसांनी कार्यक्रम तिथल्या तिथं बंद पाडला.

जेमतेम सुरू होऊन बंद पडलेल्या या कार्यक्रमाला आज जगातली पहिली रॉक कॉन्सर्ट म्हणून ओळखलं जातं.

आता यातली खरी गंमत बघा. या कार्यक्रमामागं कुठला सिनेस्टार नव्हता की मोठी म्युझिक कंपनी नव्हती. होता तो एका लोकल रेडिओ स्टेशनवर रात्री उशिरा गाणी लावणारा ३० वर्षांचा निवेदक.

त्याचं नाव अॅलन फ्रीड.

पुढच्या काही वर्षांत हाच माणूस रॉक अँड रोलचा चेहरा झाला. आणि वयाच्या ४३ व्या वर्षी तो गेला तेव्हा त्याच्याकडं ना स्टेशन होतं, ना पैसा. होती ती फक्त बदनामी.

हे सगळं कसं झालं ते बघू.

गावोगावचं रेडिओ स्टेशन चालायचं कसं?

फ्रीडची गोष्ट समजून घ्यायची तर आधी अमेरिकेतल्या रेडिओचा धंदा समजून घ्यायला लागतो.

आपल्याकडं कित्येक दशकं रेडिओ म्हणजे आकाशवाणी आणि आकाशवाणी म्हणजे सरकार. अमेरिकेत मात्र गोष्ट वेगळी होती. तिथं सरकारनं फक्त लायसन्स आणि फ्रिक्वेन्सी द्यायची. टॉवर उभा करायचा, माणसं ठेवायची, पगार काढायचा हे सगळं मालकाच्या खिशातून. आणि मालकाच्या खिशात पैसा यायचा जाहिरातीतून. गावातला फर्निचरवाला, मोटारीचा डीलर, बेकरीवाला असे लोक स्टेशनकडून वेळ विकत घ्यायचे.

१९३० आणि ४० च्या दशकांत या लोकल स्टेशन्सना एनबीसी, सीबीएससारख्या मोठ्या नेटवर्क्सचा आधार होता. नाटकं, कॉमेडी, ऑर्केस्ट्रा असं सगळं न्यूयॉर्कहून तयार होऊन यायचं. पण १९५० च्या आसपास टीव्ही आला आणि ते स्टार, ते कार्यक्रम आणि त्यामागचा जाहिरातदार असं सगळं टीव्हीकडं पळालं.

लोकल स्टेशनच्या हातात उरलं काय? तर एक टर्नटेबल, रेकॉर्डचा ढीग आणि माईकसमोर बोलणारा एक माणूस. हाच डिस्क जॉकी. सगळ्यात स्वस्तातला कार्यक्रम.

पण या स्वस्तातल्या माणसाच्या हातात एक मोठी गोष्ट होती. कुठली रेकॉर्ड वाजवायची हे तो ठरवायचा.

बँडमास्टर व्हायचं स्वप्न आणि छोटी छोटी स्टेशनं

अॅलन फ्रीडचा जन्म १५ डिसेंबर १९२१ चा. पेनसिल्व्हेनियातल्या विंडबर या कोळशाच्या खाणींच्या गावातला. १९३३ मध्ये त्याचं कुटुंब ओहायोतल्या सेलम या गावात राहायला आलं.

शाळेत असताना तो ट्रॉम्बोन वाजवायचा. पोरांना जमवून त्यानं सुल्तान्स ऑफ स्विंग नावाचा बँडही काढला होता. आपण बँडमास्टर व्हायचं, एवढंच डोक्यात. पण कानाला संसर्ग झाला आणि ते स्वप्न तिथंच राहिलं. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकताना त्याला रेडिओचा नाद लागला.

मग सुरू झाला छोट्या शहरांतला प्रवास. आधी पेनसिल्व्हेनियातलं न्यू कॅसल. मग पोलादाच्या कारखान्यांचं यंग्सटाउन. आणि १९४५ मध्ये अॅक्रन.

अॅक्रन म्हणजे टायरचं गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच या कंपन्या तिथल्याच. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या घरात. असल्या मध्यम शहरात लोकल रेडिओचा निवेदक म्हणजे घरातला माणूस असायचा. डब्ल्यूएकेआर स्टेशनवर फ्रीड जॅझ आणि पॉप गाण्यांचा कार्यक्रम करायचा आणि तरुण पोरं त्याच्यावर फिदा होती.

आपली किंमत कळल्यावर तो गावातल्याच दुसऱ्या स्टेशनकडं जायला निघाला. पण करारात एक कलम होतं. नोकरी सोडली तर वर्षभर अॅक्रनपासून ७५ मैलांच्या परिसरात दुसऱ्या रेडिओवर काम करायचं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि फ्रीड हरला.

एका लोकल स्टेशनला आपला आरजे जाऊ नये म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली, यावरून या आवाजांमागं किती पैसा फिरत होता ते लक्षात येतं.

फ्रीड मग क्लीव्हलँडला गेला. तिथं टीव्हीवर काम करून बघितलं, पण काही जमलं नाही. जवळपास सगळं संपल्यात जमा होतं. तेवढ्यात त्याला एक दुकानदार भेटला.

रेकॉर्डच्या दुकानात दिसलेली गोष्ट

या दुकानदाराचं नाव लिओ मिंट्झ. क्लीव्हलँडच्या प्रॉस्पेक्ट अॅव्हेन्यूवर त्याचं रेकॉर्ड राँदेव्हू नावाचं दुकान होतं.

त्या काळात अमेरिकेत गाण्यांचीही वाटणी झालेली होती. कृष्णवर्णीय कलाकारांची ऱ्हिदम अँड ब्लूजची गाणी त्यांच्या वस्तीतल्या दुकानांत, त्यांच्या क्लबांत आणि त्यांच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या रेडिओच्या वेळेत. गोऱ्यांच्या घरात ही गाणी वाजायची नाहीत, निदान आईबापासमोर तरी नाही.

पण मिंट्झच्या दुकानात वेगळंच चित्र दिसत होतं. गोरी पोरंही याच रेकॉर्ड्स शोधत यायची आणि दुकानातच त्यावर नाचायची. गिऱ्हाईक तयार होतं, माल तयार होता. फक्त गाणं त्यांच्यापर्यंत पोहोचवणारा रेडिओ नव्हता.

मिंट्झनं डब्ल्यूजेडब्ल्यू स्टेशनवर रात्रीची वेळ प्रायोजित केली आणि माईकसमोर फ्रीडला बसवलं. तारीख होती ११ जुलै १९५१.

म्हणजे हिशेब सरळ होता. दुकानदार पैसे देणार, निवेदक गाणी वाजवणार, दुसऱ्या दिवशी पोरं दुकानात जाऊन तीच रेकॉर्ड विकत घेणार. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, कारण कार्यक्रम कुणाच्या पैशांवर चाललाय हे ऐकणाऱ्याला कळत होतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं सगळा खेळ याच्यावरच फिरतो.

मूनडॉग

माईकसमोर फ्रीडनं स्वतःचं नाव घेतलं मूनडॉग. तो कुत्र्याचं विव्हळणं ऐकवायचा, गाणं सुरू असताना गाईच्या गळ्यातली घंटा वाजवायचा आणि टेबलावर ठेवलेल्या टेलिफोन डिरेक्टरीवर हातानं ठेका धरायचा. गाणं वाजवणारा माणूसच गाण्यात घुसलाय, असं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं.

आणि वेळ रात्रीची. एएम रेडिओच्या लहरी दिवसा जमिनीलगत जातात, पण अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून लांबच्या गावांत उतरतात. त्यामुळं रात्रीचा कार्यक्रम शहराच्या हद्दीबाहेरही पोहोचायचा. आणि रेडिओला खोलीचा दरवाजा कळत नाही. उशाशी रेडिओ ठेवून कोण ऐकतंय, त्याचा रंग कुठला, हे कुणालाच कळायचं कारण नव्हतं.

या संगीताला फ्रीड एक नाव वापरायला लागला. रॉक अँड रोल.

हा शब्द त्यानं शोधला असं बऱ्याचदा सांगितलं जातं. ते खरं नाही. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत हे शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून होते आणि त्याला शरीरसंबंधाचा छुपा अर्थही होता. फ्रीडनं काय केलं, तर वंशाचा शिक्का बसलेल्या संगीताला असं नाव दिलं, ज्यात कुणाचा रंग दिसत नव्हता. गोऱ्या पोराला दुकानात जाऊन ते नाव घेता येत होतं.

मग आला २१ मार्च १९५२ चा तो मूनडॉग कॉरोनेशन बॉल. त्या रात्री आलेल्या गर्दीत जवळपास सगळे कृष्णवर्णीय होते. कार्यक्रम उधळला, वर्तमानपत्रांनी झोडपलं, फ्रीडनं रेडिओवरून श्रोत्यांची माफी मागितली. नोकरी जाणार असं वाटत होतं. पण स्टेशनच्या मालकांना भलतंच काहीतरी दिसलं होतं. रात्रीच्या एका आवाजावर २० हजार माणसं घराबाहेर पडतात, म्हणजे याला वेळ वाढवून द्यायला पाहिजे. आणि त्यांनी ती दिली.

न्यूयॉर्क

१९५३ मध्ये मोटारीच्या भीषण अपघातातून फ्रीड थोडक्यात वाचला. चेहऱ्यावर प्लास्टिक सर्जरी करावी लागली. पण सप्टेंबर १९५४ मध्ये तो थेट न्यूयॉर्कच्या डब्ल्यूआयएनएस स्टेशनवर पोहोचला.

तिथं आल्या आल्या एक फटका बसला. मूनडॉग हे नाव आधीच एका माणसाचं होतं. लुई हार्डिन नावाचा अंध संगीतकार न्यूयॉर्कच्या रस्त्यावर याच नावानं वाजवायचा आणि ज्या मूनडॉग सिम्फनीतलं विव्हळणं फ्रीड वापरत होता, ती रेकॉर्डही त्याचीच. हार्डिन कोर्टात गेला आणि जिंकला. फ्रीडला नाव सोडावं लागलं. मग कार्यक्रमाचं नाव ठेवलं रॉक अँड रोल पार्टी आणि तो शब्द आणखी जोरात पसरला.

पुढची ४ वर्षं फ्रीडची होती. थिएटरबाहेर रांगा लागत होत्या. एकाच स्टेजवर आणि एकाच प्रेक्षागृहात काळी-गोरी पोरं एकत्र नाचत होती. रॉक अराउंड द क्लॉक, रॉक रॉक रॉक अशा सिनेमांत तो स्वतःच्याच भूमिकेत झळकला.

एका बाबतीत तो हटून बसला होता. त्या काळात एखाद्या कृष्णवर्णीय गायकाचं गाणं गाजलं की मोठी कंपनी गोऱ्या गायकाकडून तेच गाणं गाऊन घ्यायची आणि रेडिओवर दुसरंच वाजायचं. फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्ड यांची गाणी पॅट बूननं गायली ती अशीच. फ्रीड मात्र मूळ गायकाचीच रेकॉर्ड लावायचा. त्यामुळं कित्येक कलाकारांच्या घरात चूल पेटली.

१९५७ मध्ये एबीसीनं त्याला टीव्हीवर द बिग बीट हा कार्यक्रम दिला. त्यात फ्रँकी लायमन हा कृष्णवर्णीय किशोर गायक एका गोऱ्या मुलीसोबत नाचताना दिसला आणि दक्षिणेकडच्या राज्यांत आगडोंब उसळला. कार्यक्रम गुंडाळला गेला.

मे १९५८ मध्ये बॉस्टनच्या शोमध्ये पोलिसांनी मध्येच दिवे लावले, बाहेर हाणामाऱ्या झाल्या आणि दंगल भडकवल्याचा गुन्हा दाखल झाला फ्रीडवर. पुढं तो मागं घेतला गेला, पण स्टेशन पाठीशी उभं राहिलं नाही म्हणून त्यानं डब्ल्यूआयएनएस सोडलं आणि डब्ल्यूएबीसी गाठलं.

आता त्या पाकिटाची गोष्ट

इथपर्यंत फ्रीड हिरो वाटतो. पण एक दुसरी बाजू आहे आणि तीही तितकीच खरी आहे.

१९५५ मध्ये चक बेरीचं मेबलीन हे गाणं आलं. गाणं बेरीचं, पण रेकॉर्डवर गीतकार म्हणून तीन नावं. त्यातलं एक अॅलन फ्रीड. फ्रीडनं त्यातली एक ओळही लिहिली नव्हती. रेकॉर्ड कंपनीनं त्याला गाण्यात वाटा दिला होता, म्हणजे गाणं जितकं वाजेल तितका त्याचा फायदा. आणि गाणं किती वाजवायचं हे तोच ठरवणार.

म्हणजे ज्या कलाकारांना त्यानं गोऱ्यांच्या बाजारात उभं केलं, त्यांच्याच ताटातला घास त्यानं उचलला.

याशिवाय रोख पाकिटं होती, सल्लागार म्हणून मिळणारे चेक होते. अमेरिकेत या चिरीमिरीला एक शब्द होता, पेओला. पे म्हणजे पैसे देणं आणि व्हिक्ट्रोला म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, यांची जोडणी. गावोगावच्या स्टेशनवर हे चालायचं. लोकल आरजेचा पगार तुटपुंजा आणि रेकॉर्ड कंपन्यांचे एजंट दारात उभे. त्यात एक पेचही होता. छोट्या कंपन्यांकडं मोठ्यांसारखी वितरणाची ताकद नव्हती. मुख्यतः याच कंपन्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या रेकॉर्ड काढायच्या आणि रेडिओत शिरायला त्यांना हाच आडमार्ग सापडला होता.

१९५९ मध्ये टीव्हीवरचे क्विझ शो आधीच ठरवलेले असतात, हे उघड झालं आणि अमेरिका हादरली. त्याच वर्षी मायामी बीचला देशभरातल्या डिस्क जॉकींचं अधिवेशन झालं. रेकॉर्ड कंपन्यांच्या पैशांवर तिथं दारूचा पूर वाहिला आणि त्याच्या बातम्या झाल्या. चौकशीची सुई रेडिओकडं वळली.

एबीसीनं आपल्या निवेदकांकडून लिहून मागितलं, की आपण कधीही पैसे घेतले नाहीत. फ्रीडनं सही करायला नकार दिला. नोव्हेंबर १९५९ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं.

त्याच एबीसीच्या टीव्हीवर डिक क्लार्क नावाचा दुसरा स्टार होता. गाणी, रेकॉर्ड कंपन्या असे त्याचे संगीताच्या धंद्यात कितीतरी हितसंबंध होते. त्याला वेगळ्या मजकुरावर सही करू दिली, हितसंबंध विकायला लावले आणि १९६० मध्ये संसदेच्या समितीसमोर शांतपणे साक्ष देऊन तो सुटला. पुढं कित्येक दशकं तो टीव्हीवर राहिला.

एकानं शेअर विकले आणि तो वाचला. दुसरा अडून बसला आणि संपला. फ्रीडनं पैसे घेतले होते, हे खरं. पण पैसे घेणारा तो एकटा होता, हे खोटं.

शेवट

न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर व्यावसायिक लाचखोरीचा खटला उभा राहिला. डिसेंबर १९६२ मध्ये त्यानं दोन आरोप मान्य केले. शिक्षा झाली ३०० डॉलर दंड आणि स्थगित कैद.

३०० डॉलर म्हणजे फार काही नव्हते. खरी शिक्षा वेगळी होती, ती म्हणजे आता कुणी मोठं स्टेशन त्याला दारात उभं करत नव्हतं. दरम्यान तो लॉस एंजेलिसच्या केडीएवायवर काम करून आला होता, मायामीच्या डब्ल्यूक्यूएएमवर काही आठवडे टिकला होता.

यातला आणखी एक योगायोग बघा. डब्ल्यूक्यूएएमचा मालक होता टॉड स्टॉर्झ. ओमाहा या मध्यम शहरातल्या आपल्या केओडब्ल्यूएच स्टेशनवर गाजलेली मोजकीच गाणी दिवसभर फिरवायची, ही पद्धत रुजवणारा माणूस. तीच पुढं टॉप ४० म्हणून देशभर पसरली. पेओलाच्या भानगडीनंतर मालकांनी गाणी निवडायचं काम आरजेच्या हातातून काढून प्रोग्रॅम डायरेक्टरकडं दिलं. आरजेनं फक्त यादीतलं गाणं लावायचं आणि दोन वाक्यं बोलायची. फ्रीडसारख्या माणसाला या नव्या रेडिओत जागाच उरली नव्हती.

मार्च १९६४ मध्ये ३७,९२० डॉलरचा आयकर चुकवल्याचा खटला दाखल झाला. दारू वाढली होती, यकृत निकामी होत चाललं होतं. २० जानेवारी १९६५ ला कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमध्ये अॅलन फ्रीड गेला. वय ४३.

पुढं काय झालं?

१९६० मध्ये अमेरिकेनं कायदा बदलला. आधी पैसे घेतल्याचं जाहीर करायची जबाबदारी स्टेशनवर होती, आता ती आरजे आणि पैसे देणाऱ्यापर्यंत पोहोचली. न सांगता पैसे घेऊन गाणं वाजवलं तर १० हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभराची कैद. या कायद्यानं पैसे घेऊन गाणं वाजवायला बंदी घातली नाही. बंदी घातली ती लपवायला.

लिओ मिंट्झचे पैसे आणि रेकॉर्ड कंपनीचं पाकीट यांच्यात फरक होता तो एवढाच. पहिल्यात ऐकणाऱ्याला माहीत होतं, दुसऱ्यात त्याला अंधारात ठेवलं होतं.

१९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची पहिली यादी निघाली. त्यात चक बेरी होता आणि अॅलन फ्रीडही. त्याच वर्षी मेबलीनवरचं फ्रीडचं नाव हटवून गाणं एकट्या बेरीच्या नावावर झालं. एका हातानं मान दिला आणि दुसऱ्या हातानं उसनं घेतलेलं परत घेतलं.

हॉल ऑफ फेमचं म्युझियम १९९५ मध्ये उभं राहिलं ते न्यूयॉर्कला नाही, क्लीव्हलँडला. फ्रीडच्या अस्थी काही वर्षं तिथंच ठेवल्या होत्या. २०१४ मध्ये म्युझियमनं त्या घेऊन जायला सांगितलं आणि अखेर शहरातल्या लेक व्ह्यू दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. तिथलं स्मारक ज्यूकबॉक्सच्या आकाराचं आहे. शहराच्या बास्केटबॉल संघाचा कुत्र्याच्या वेशातला मॅस्कॉट आजही मूनडॉग या नावानं मैदानात नाचतो. त्याला टाळ्या वाजवणाऱ्या कित्येक पोरांना हे नाव कुठून आलं, हे ठाऊकही नसेल.

आज गाणं रेडिओपेक्षा रीलमधून जास्त पोहोचतं. एखादी चाल आठवडाभर प्रत्येक रीलवर वाजते आणि आपल्याला वाटतं, ती आपोआपच गाजली. कधी ती खरंच गाजलेली असते, तर कधी त्यामागं पैसे मोजलेले असतात. रीलच्या वर बारीक अक्षरांत येणारं ‘पेड पार्टनरशिप’ ही ओळ त्याचसाठी आहे.

पुढच्या वेळी ती ओळ दिसली, किंवा दिसायला हवी तिथं दिसली नाही, तर टेलिफोन डिरेक्टरीवर ठेका धरणारा अॅलन फ्रीड आठवून बघा.